ऐवळे मास्तरांची शोकसभा

"उंबऱ्याला पाय लागल्याबिगर मत पडत नसतंय गं केतकी," असं सासूबाई म्हणाल्या तेव्हा मी माझ्या तान्ह्या लेकीचा, रावीचा, ताप परत मोजत होते. ताप नव्हताच. पण कपाळाला हात लावला की मला तो नेहमी कोमट लागायचा आणि मोजल्याशिवाय चैन पडायचं नाही.

सासूबाई गवार मोडत बसल्या होत्या. माझ्या एका हातात थर्मामीटर आणि दुसऱ्या हातात फोन. फोनवर वहिनींच्या प्रचाराचं नवं रील चढत होतं. मी मान वर न करता म्हटलं, "आई, आता उंबरे फोनमध्येच असतात." वाक्य माझं मलाच आवडलं, त्याची पोस्ट करावी असंही वाटून गेलं. सासूबाईंनी एक शेंग मोडली, ती किडकी निघाली, बाजूला टाकली. "असतील बाई," म्हणाल्या, आणि पुढची शेंग घेतली.

आमच्या सोनखिंडच्या नगरपंचायतीची ती निवडणूक. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव, आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, प्रमिलावहिनी, दुसऱ्यांदा उभ्या होत्या. पहिल्या वेळी त्या थोडक्यात पडल्या आणि माधुरी गुरव निवडून आल्या. यंदाही समोर त्याच. या वेळेस पडलो तर घरात पुन्हा निवडणुकीचं नाव काढायचं नाही, असं श्रीकांतदादांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, जाहीरच करून टाकलं होतं. वहिनी एकदा साडीला पिको करता करता मला म्हणाल्या होत्या की मला बाकी काही नको, आठवडी बाजारात भाजी विकायला येणाऱ्या बायकांसाठी एक मुतारी बांधून दे म्हणावं देवाला. दिवसभर पाणी पीत नाहीत गं त्या, म्हणाल्या. हे त्यांनी कुठल्या भाषणात सांगितलं नाही, कारण मुतारीवर भाषण करायचं नसतं असं दादांचं मत होतं.

प्रचार माझ्याकडे होता. मी बीएस्सी झालेली, लग्नानंतर मिरजेला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये जात होते. रावी झाल्यावर ते सुटलं आणि घराबाहेर पडणंही सुटलं. बाहेर धूळ असते, खोकणारी माणसं असतात, आणि ज्याला त्याला लेकराचे गाल ओढायचे असतात. त्यामुळे घरबसल्या प्रचार ही माझ्यासाठी देवानंच केलेली सोय होती. वहिनींचं चिन्ह शिलाई मशीन, गुरवबाईंचं कपबशी. मी वहिनींना त्यांच्याच मशीनवर बसवून रील काढायचे, खाली गाणं लावायचे, 'विकासाचा पक्का टाका' असं लिहायचे. पुण्याहून, नाशकातून, एकदा तर दुबईहून लाइक आले. वहिनी रोज संध्याकाळी विचारायच्या, यातली आपल्या वॉर्डातली किती? मी विषय बदलायचे.

तर मतदानाला थोडे दिवस राहिले असताना एका सकाळी 'आपला वॉर्ड आपला परिवार' या ग्रुपवर ऐवळे मास्तर वारले.

यशवंत ऐवळे म्हणजे आमचे बँडमास्तर. यशवंत ब्रास बँड. वॉर्डातलं एक लग्न, एक वरात, एक गणपती त्यांच्या क्लॅरिनेटशिवाय निघालेला नव्हता. निवडणुकीतही दोन्ही बाजूंच्या प्रचारफेऱ्यांपुढे तेच असायचे, सकाळी याच्यापुढे आणि संध्याकाळी त्याच्यापुढे, आणि त्याचा कुणाला राग यायचा नाही. मग डीजे आला, मग आमच्यासारख्यांची रीलं आली, आणि बँड बंद पडला. आदल्या वर्षी बायको गेली. तेव्हापासून तळ्याच्या गल्लीत शेवटच्या घरात मास्तर एकटे राहायचे.

त्या सकाळी ग्रुपात त्यांच्या नावापुढच्या फोटोच्या गोलात काळ्या पाटीवर पेटलेली समई आणि एक झेंडूचं फूल आलं. कुणीतरी विचारलं, मास्तरांना काय झालं? त्याचं उत्तर यायच्या आत दुसऱ्यानं हात जोडले. तिसऱ्यानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. एकदा ते शब्द पडले की त्यानंतर वर जाऊन कुणी वाचत नाही. मी रावीला नाचणीची खिमट भरवून तोंड पुसेपर्यंत ग्रुपभर नुसते जोडलेले हात आणि मेणबत्त्या. मलाही वाईट वाटलं. माझ्या वरातीत त्यांनी वाजवलं होतं.

आणि गुरवबाईंचा फलक आलासुद्धा. 'वॉर्डाचा आधारवड कोसळला.' त्यात गुरवबाई हात जोडून मोठ्या, आणि कोपऱ्यात एवढेसे मास्तर, क्लॅरिनेटमागे गाल फुगवलेले. ते मास्तरच आहेत हे केवळ टोपीवरून ओळखायचं.

दादा पुढच्या खोलीतून तरातरा आत आले. आपला फलक कुठाय, म्हणाले. आमच्याकडे हे एक शास्त्रच झालेलं आहे: ज्याची श्रद्धांजली पहिली पडली तो घरचा, उरलेले बाहेरचे. पहिला नंबर तर गेलाच होता. निदान आपला फलक मोठा हवा आणि त्यात मास्तरांचा चेहरा नीट दिसायला हवा, म्हणजे लोकांना फरक कळेल, असं त्यांचं म्हणणं. मी सगळे लग्नांचे व्हिडिओ उघडून पाहिले. एकाही ठिकाणी त्यांच्या तोंडापुढून वाद्य हटत नव्हतं. आयुष्यभर सगळ्यांच्या फोटोंत असलेल्या माणसाचा एक फोटो आमच्याकडे नव्हता.

"त्यांच्या घरी जा," दादा म्हणाले. "माणसं जमलीच असतील. कुणाकडून तरी भिंतीवरचा फोटो मागून घे, तिथंच मोबाइलवर काढ, नि पाठव. प्रमिला पांढरी साडी नेसून पाठोपाठ येईल."

सासूबाई दळण आणायला गेलेल्या. दादांकडे रावीला ठेवायचं म्हणजे दादांनाच कुणीतरी सांभाळायला लागलं असतं. लेकराला घेऊनच मयताच्या घरी जायचं होतं. मी तिला कानटोपी घातली, दोन्ही गालांवर तीट लावली, आणखी एक कानामागे लावली, आणि निघाले. सायन्स झालेल्या बाईनं किती तीट लावावी याला काही प्रमाण नसतं.

तळ्याच्या गल्लीत शिरले आणि थबकले. दारात माणसं नव्हती. बाहेर चपला नव्हत्या. तिरडी नाही, रडणं नाही, एक कुत्रं तेवढं झोपलेलं. मला वाटलं, नेलं असेल. इतक्या लवकर? मग माझं लक्ष अंगणातल्या दोरीवर गेलं. दोरीवर एक बंडी वाळत होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. मी उभी राहून ते ठिबकणं बघत राहिले. मयताची बंडी आत्ता कुणी पिळली?

दार लोटलेलं होतं. मी कडी वाजवली.

"ये की," आतून आवाज आला. "उघडंच हाय."

खाटेवर मास्तर बसले होते. चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब धरलेला. मागे भिंतीवर त्यांच्या बायकोचा फोटो, त्याला ताजा झेंडूचा हार आणि खाली पेटलेली समई. तीच समई. बायकोचं वर्षश्राद्ध होतं त्या दिवशी आणि मास्तरांनी तिच्यासाठी त्या समईचा फोटो फोनवर आपल्या नावापुढे लावला होता, बस्स.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. रावी माझ्याकडे बघून रडायला लागली. मास्तर आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिले.

"रडू नगंस पोरी," ते म्हणाले, "मी काय बोलायचं ते मलाच सुचंना झालंय."

मी खाली बसले. ते म्हणाले, सकाळपासून वाचतोय. आधी घाबरलो, छातीवर हात ठेवून बघितलं. मग म्हटलं, वाचू तरी. शाळेतल्या कदमसरांनी चार ओळी लिहिल्यात. पतसंस्थेच्या पवारानं कविता केली. त्या पवारानं माझ्याशी धड राम राम केल्याला किती वर्षं झाली. "ह्यो बघ गुरवबाईंचा. आधारवड म्हणतात मला. फोटोत वड कुठं दिसत न्हाई, नुसती टोपी." फोन माझ्याकडे धरून हसले आणि मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुमच्या पार्टीचं अजून पडलं न्हाई. मी वाटच बघतोय."

मी खाली मान घातली. फोटो न्यायला आले होते हे सांगायची माझी छाती नव्हती. पण माझ्या हातातल्या फोनकडे आणि मग भिंतीकडे त्यांनी बघितलं आणि त्यांना ते कळलं असावं. चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "चला, तू निदान दारापर्यंत आलीस. एवढं सगळं रडलेत, पण बघायला एक माणूस आलं न्हाई गं. खांदा काय फोनवरनं देणार होते?"

हे बोलले आणि लगेच रावीला हात पुढे केले. ती कुणाकडेच जात नाही. त्यांच्याकडे गेली आणि मिशी धरून बसली. त्यांचे हात धुतलेले दिसत होते.

मग मला एकदम आठवलं. "मास्तर, तुमची मुलगी?"

त्यांची मुलगी संगीता पुण्याला दिली होती. ती काय ग्रुपात नाही, ते म्हणाले. ग्रुपात नसली तरी कुणीतरी पुढं पाठवलंच असेल की, मी म्हटलं. त्यांचा चेहरा बघता बघता उतरला. सकाळपासून ते मजा बघत होते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. त्यांनी फोन लावला. लागेना. परत लावला. तिसऱ्यांदा मीच लावून दिला आणि स्पीकर चालू केला.

पलीकडे एसटी स्टँडचा गलबला आणि त्यातून एका बाईचा आवाज, "कोण बोलतंय? कोण बोलतंय बाबांच्या फोनवरून?"

"अगं मीच हाय," मास्तर म्हणाले.

गाड्यांचे आवाज तेवढे. मग ती बोलली, "बाबा, जेवलात का?"

"न्हाई अजून," मास्तर म्हणाले.

"मी येतीय. गाडीत बसतीय. तिथंच ऱ्हावा, कुठं जाऊ नका."

"आता कुठं जातोय," ते म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. रावी त्यांच्या मांडीवर मिशीचा अभ्यास करत होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दादा. फोटो मिळाला का? मी म्हटलं, दादा, मास्तर जिवंत आहेत. दादांचा आवाज असा काही उजळला की मला आजही तो ऐकू येतो. "केतकी, लाइव्ह जा," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. मास्तरांना शेजारी बसव, नि विचार त्यांना, की गुरवबाईंनी तुम्हाला जिवंतपणी मारलं, तुम्हाला काय वाटतं? अगं निवडणूक संपली आज. सीट आपली झाली."

त्यांचं खोटं नव्हतं. ते एक लाइव्ह आणि गुरवबाई वॉर्डभर हसं होऊन बसल्या असत्या. वहिनींची सीट माझ्या बोटाखाली होती, एवढीशी लाल खूण, दाबायची फक्त. मी मास्तरांकडे पाहिलं. दादांचा आवाज फोनबाहेरपर्यंत येत होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सकाळी मारून मतं," ते शांतपणे म्हणाले, "नि दुपारी जिवंत करून मतं. माझ्याकडं हाय तरी काय आणखी?"

मी दादांना सांगितलं की इथं रेंज नाही, आणि फोन बंद केला. रेंज चांगली होती.

"मास्तर, मग लोकांना कळवायचं कसं?" मी विचारलं. "ग्रुपवर टाकू का नुसतं, की चूक झाली?"

"ग्रुपवर काय टाकू नगंस," ते म्हणाले. ते उठले, बंडीवर हात फिरवून बघितला, ओलीच होती, म्हणून पेटीतला इस्त्रीचा शर्ट काढला. बँडचा. लाल, खांद्यावर पिवळी झालर. "घरोघर जाऊन सांग. म्हणावं, मयत घरीच हाय. ज्यांनी ज्यांनी फुलं वाह्यलीत त्यांनी दर्शनाला या. शोकसभा हाय दुपारी. नि दोघींना बोलीव. तुझ्या जावंला आणि गुरवाच्या सुनंला. दोघींनाबी. एकीनं ऐकलं नि दुसरीनं न्हाई, असं नको."

तर मी निघाले. रावीला काखोटीला मारून मी गल्लीतलं पहिलं दार वाजवलं. त्या आधी मी कधी त्या घरांत गेले नव्हते. शोभाताई माने बाहेर आल्या, डोळे लाल. मी सांगितलं. त्या जागेवर बसल्या. म्हणाल्या, अगं मी सकाळपासून गॅस पेटवला नाही मास्तरांसाठी, मयत उचलल्याशिवाय चूल पेटवायची नाही म्हणून पोरं उपाशी शाळेत पाठवली. मी विचारलं, मग दोन घरं पलीकडं जाऊन बघितलं का नाही? त्या म्हणाल्या, ग्रुपवर आलं होतं ना. मग स्वतःच्याच तोंडावर पदर धरून हसायला लागल्या, आणि हसता हसता रावीचा गाल ओढला. मी ओढू दिला. पुढच्या दारातही तेच झालं. एका आजींनी तिला साखर चाटवली. एका घरात बाळंतीण होती, तिनं मला आत बोलावून तिच्या बाळाला दूध पचत नाही म्हणून विचारलं, आणि मी तिथं जरा जास्तच वेळ बसले. कुणी म्हणालं की प्रमिलाची धाकटी जाऊ दिसते कशी ते आज कळलं, आम्हाला वाटलं होतं तुमच्या घरी फोनच चालतो, माणसं नसतात. कदमसर धोतर सावरत माझ्याबरोबरच निघाले. म्हणाले, चार ओळी लिहिल्यात खऱ्या, आता त्यांच्यासमोर म्हणायच्या म्हणजे पंचाईत.

दुपारी मास्तरांच्या अंगणात शोकसभा भरली. मयत लाल शर्टात, खुर्चीवर, अध्यक्षस्थानी.

वहिनी आल्या त्या पांढऱ्या साडीत. मास्तर जिवंत आहेत हे कळलं होतं, पण बोलावणं शोकसभेचं, म्हणून साडी बदलली नव्हती. गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून गुरवबाई आल्या. त्याही पांढऱ्या साडीत. निवडणूक लागल्यापासून एकमेकींकडे न बघणाऱ्या त्या दोघी अंगणाच्या तोंडाशी समोरासमोर आल्या, आणि कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही. आधी दोघींनी ओठ दाबले. मग बायकांत खसखस पिकली आणि दोघींचा बांध फुटला.

शोभाताईंनी सकाळपासून बंद असलेला गॅस पेटवून चहा आणला. मास्तरांनी त्यांना आधीच बजावलं होतं, पेल्यातून दे, कपबशीतून दिलास तर प्रचार होईल, माझ्या मयतीला आचारसंहिता हाय.

मग मास्तरांनी एकेकाला उभं केलं. फोनवर जे लिहिलंय ते मोठ्यानं वाचायचं, मी इथं बसलोय. कदमसरांना दुसऱ्या ओळीपुढे जाता येईना. पवारांनी कविता निम्म्यात सोडून राम राम घातला आणि मास्तरांनीही उठून घातला. पवार खाली बसताना मी त्यांना नाक पुसताना पाहिलं.

गुरवबाईंनी फोन काढला, 'आधारवड' म्हणाल्या, आणि थांबल्या.

"कधी आलतीस सावलीला?" मास्तरांनी विचारलं. आवाजात खोच होती पण डोळ्यांत नव्हती.

"नाही आले," गुरवबाई म्हणाल्या. फोन मिटून त्यांनी पिशवीत टाकला. "हे आमच्या पोरानं बनवलं मास्तर, मी वाचलंही नव्हतं. पण एक सांगते. माझ्या पाठवणीला मी रडून रडून बेजार झाले होते. सगळे म्हणत होते रडकं गाणं वाजवा, रीत असते. आणि तुम्ही लेझमीचा ठेका धरलात. माझ्या बापानं तुम्हाला शिव्या घातल्या. मी गाडीत बसून हसत गेले सासरी. हे त्या फलकावर लिहायला पाहिजे होतं."

मास्तरांनी मान हलवली. बापाच्या शिव्या त्यांना बहुधा आठवत होत्या. मग ते आमच्याकडे वळले. "प्रमिलाबाई, तुमचा फलक तर ऱ्हायलाच. आता तोंडीच बोला."

वहिनी उभ्या राहिल्या. दादा कुंपणापाशी येऊन पोचले होते, ते खुणेनं काहीतरी सांगत होते, बहुधा विकास. वहिनींची पाठ होती त्यांच्याकडे. त्यांनी पदर खोचला, जसा त्या मशीनवर बसताना खोचतात.

"मी या गावात नवी आले तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं," त्या म्हणाल्या. "दुपारी घरात सगळे झोपायचे आणि मी खिडकीपाशी बसून शिवत राहायची. तेव्हा तुमचा सराव ऐकू यायचा, तळ्याकडून. एकच ओळ तुम्ही परत परत वाजवायचा, चुकली की पहिल्यापासून. मला वाटायचं, आपल्यासारखंच कुणीतरी उसवून परत शिवतंय. त्या ओळीनं माझ्या दुपारी गेल्या मास्तर." त्या थोड्या थांबल्या. "मग एक दिवस ते बंद झालं. मला कळलं होतं बंद झाल्याचं. खिडकीत बसून वाटलंही, की जाऊन विचारावं. आले नाही."

कुंपणापाशी दादांचा हात खाली आला.

"आता विचारते," वहिनी म्हणाल्या. "का बंद केलात?"

मास्तर बायकोच्या फोटोकडे बघत नव्हते, तरी ते तिकडेच बघतायत असं वाटलं. "ती म्हणायची, चुकलं," ते म्हणाले. "चुकलं म्हणायला कुणी ऱ्हायलं न्हाई घरात. मग वाजवून करायचं काय?"

"मी म्हणेन," वहिनी म्हणाल्या. "मला सगळी ओळ पाठ आहे."

मास्तर आत गेले. क्लॅरिनेट घेऊन आले, फुंकर मारली, आणि त्यातून कोंबडीचा गळा दाबावा तसा एक आवाज निघाला. रावी खदखदून हसली, मग सगळेच.

"चुकलं," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी ओठ पुसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सूर्य तळ्याकडे कलला असताना संगीता धावत अंगणात शिरली, तेव्हा ती ओळ जवळजवळ बरोबर यायला लागली होती.

मी त्यातलं काहीच फोनवर घेतलं नाही. रावी माझ्या दोन्ही हातांत होती आणि कुणीतरी तिच्या तोंडात बत्तासा घातला होता, तो काढायची मला गडबड होती.

उरलेले दिवस वहिनी मशीनवर बसल्या नाहीत. सकाळ-संध्याकाळ आम्ही तिघी, म्हणजे वहिनी, मी आणि काखेत रावी, घराघरात गेलो. मुतारीचं सांगितलं वहिनींनी, सरळ त्याच शब्दात, आणि बायका पुढे सरकून बसल्या. वहिनी निवडून आल्या. थोडक्यातच आल्या. गुरवबाई घरी पेढा खायला आल्या आणि बाजारातली मुतारी चावडीच्या बाजूला नको, नळाच्या बाजूला बांध, पाणी जवळ पडेल, असं सांगून गेल्या. ती बांधून व्हायला अर्धी मुदत गेली, पण बांधली, नळाच्या बाजूलाच. श्रीकांतदादा अजून सांगतात की त्या निवडणुकीत रीलांनी काम केलं. सासूबाई ऐकतात आणि गवार मोडतात.

रावी आता शाळेत जाते. त्या गल्लीतली धूळ, साखर, बत्तासा, सगळं तिच्या पोटात गेलं आणि तिला काही झालं नाही. मला मात्र अजून रात्री तिच्या नाकापाशी बोट धरून बघावं लागतं.

मास्तर अजून आहेत, संगीता महिन्यातून येते. आमच्या वॉर्डात आता निवडणूक लागली की दोन्ही बाजूंचे उमेदवार फोन हातात घ्यायच्या आधी तळ्याच्या गल्लीत जाऊन येतात. त्यांना तिथं चहा पेल्यातूनच मिळतो.

तुमच्याही ग्रुपात असं एखादं नाव असेल, ज्याच्या वाढदिवसाला तुम्ही केकचं चित्र पाठवलं आहे आणि ज्याचं घर तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. बरं आहे ना त्यांचं? फोन करू नका. हे वाचून ठेवून द्या आणि आजच जाऊन या. कडी वाजवल्यावर दार उघडायला त्यांना वेळ लागेल. तेवढं थांबा.